माझ्या हातचं मीठ

३ जानेवारी १९३७, रविवार

माझ्याकडे दोन वह्या आहेत. एक उस्तिन्यासाठी, एक माझ्यासाठी. उस्तिन्या माझी नणंद, कानाने ठार बहिरी. तरी प्रार्थनेला पहिल्या रांगेत उभी राहणार आणि आमचे धर्मगुरू बात्युश्का एव्लाम्पी बोलायला लागले की त्यांच्या दाढीकडे टक लावून बघणार. घरी आलो की माझ्यामागे भुणभुण, "काय म्हणाले गं? काय म्हणाले?" ओरडून ओरडून माझा घसा बसला. म्हणून आता दर रविवारी त्यांचं प्रवचन मोठ्या अक्षरात तिच्या वहीत उतरवते. त्या वहीत बात्युश्का बोलले तेवढंच. माझं जे काही असेल ते इथे, आणि ही वही अंगणातल्या रिकाम्या मधपेटीत.

आज ते शिरगणतीवर बोलले. गावात दुसरा विषयच नाही. सरकारी माणसं घरोघर येणार आणि वय, शिक्षण, काम विचारून झालं की पुढे विचारणार, देवाला मानता की नाही. कोण म्हणतं मानतो म्हणणाऱ्याचा पाव बंद होईल, कोण म्हणतं थेट उत्तरेच्या छावणीत पाठवतील. बात्युश्का नेहमीसारखेच नाकात बोलले. "प्रभूला पकडलं त्या रात्री पेत्राला शेकोटीपाशी तीनदा विचारलं, तू त्याचाच शिष्य ना? त्याला थंडी वाजत होती, भीतीही वाटत होती. तो तीनदा नाही म्हणाला. आपल्याला एकदाच विचारणार आहेत. एकदा हो म्हणा आणि दार लावून घ्या, घर गार पडेल." एवढंच. मग नाक पुसलं.

बायका रडत होत्या हे खरं. पण मला कमीच वाटलं. आमचे बात्युश्का माणूस सोन्यासारखे, पण प्रवचन अळणी. मी बावीस वर्षं चर्चच्या वेदीवर ठेवायच्या रोट्या करते, मीठ कुठे कमी आहे हे मला जिभेला न लावता कळतं. संध्याकाळी उतरवताना शेवटी मी एक वाक्य माझ्या मनाचं घातलं: "मोजायला येणाऱ्यांचीही एक दिवस मोजणी होणार आहे, आणि त्या दिवशी त्यांच्या बाजूने कुणी उभं राहणार नाही."

उस्तिन्याने ते तीनदा वाचलं आणि क्रुसाची खूण केली. "आज काय बोलले गं!" म्हणाली. मी चहाचा सामोवार पेटवायला उठले.

६ जानेवारी

नाताळच्या आदल्या दिवशीच मोजायला आले. सणासुदीला माणूस घरी सापडतो, तेवढी अक्कल त्यांना आहे. आमच्या बाजूला शाळेची मास्तरीण रिम्मा आली. गळ्यात फळी, फळीवर कागद, दौतीतली शाई गोठलेली. माझ्या चुलीवर शाई वितळवून घेतली आणि मलाच विचारते.

"ग्लिकेरिया साव्विश्ना, श्रद्धा आहे की नाही?"

"माझे हात हुंगून बघ. कसला वास येतो?"

"हो की नाही एवढंच सांगा. मला अजून चौदा घरं आहेत."

"हो. मोठ्या अक्षरात लिही. तुझी आजी वेदीच्या टॉवेलांवर नक्षी भरायची, तिला विचारलं असतं तर तिने काय सांगितलं असतं?"

"आजी गेली," रिम्मा म्हणाली आणि खाली मान घालून लिहिलं. मला तिची कीव आली नाही.

उस्तिन्याला मी कानाशी ओरडून प्रश्न सांगितला. ती उठून उभी राहिली आणि तीनदा म्हणाली, "हो! हो! हो!" रिम्मा दचकली. म्हणे एकदा पुरे. उस्तिन्या म्हणाली, "पेत्राचे तीन फिटले."

४ फेब्रुवारी

सगळं झारूच्ये गाव हो म्हणालं. चार-पाच घरं सोडून सगळं! गावसमितीच्या अध्यक्षाची सासूसुद्धा. जिल्ह्याला हे झोंबलं असावं, कारण काल बात्युश्कांना बोलावून घेतलं. त्यांच्यापुढे कागद ठेवला: तुमच्या त्या संतांच्या चित्रांच्या भिंतीसमोर काय गायचं ते गा, धूप जाळा, पण लोकांकडे तोंड करून बोलायचं नाही. त्यांनी सही केली नाही.

मात्युश्का कापितोलिना आज माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. बात्युश्कांची बायको असून त्यांचा आवाज मी वर्षात दहादा ऐकला असेल. "साव्विश्ना, तू सांग त्यांना. प्रार्थना करा, बाप्तिस्मे करा, माती द्या. फक्त प्रवचन सोडा."

"माझं कशाला ऐकतील?"

"तुझं ऐकतात. मागच्या वेळी ते उत्तरेला तीन वर्षं लाकडं तोडून आले. माझ्या वाट्याला आलेला माणूस निम्मा होता. आता त्या निम्म्याचाही निम्मा मला नको."

संध्याकाळी बात्युश्का रोट्या न्यायला आले तेव्हा मी सांगितलं. ते बुटांवरचा बर्फ झटकत हसले. "अगं, मी बोलतो तरी किती? पाच मिनिटं. तेवढ्यात अंडंसुद्धा धड उकडत नाही."

"मग सोडा की. पाच मिनिटांसाठी कशाला जीव टांगायचा?"

त्यांनी एका रोटीवरच्या क्रुसाच्या ठशावरून बोट फिरवलं. म्हणाले, "साव्विश्ना, त्यांनी मला धूप जाळायला परवानगी दिली. म्हणजे धुराने त्यांचं काही बिघडत नाही. बोलण्याने बिघडतं. तर मग बोललंच पाहिजे, नाही का?"

मी रोट्या फडक्यात बांधून दिल्या. खरं सांगायचं तर मनातून मला आनंद झाला होता. मात्युश्कांची क्षमा असो.

२ मे, ईस्टर

ख्रिस्त उठला आहे! गेला महिनाभर पांढरं पीठ कुठेच मिळत नव्हतं. बायका मुठीमुठीने आणून देत होत्या, त्यात निम्मा कोंडा. सणाच्या रोट्या काळ्या होणार म्हणून मी रडकुंडीला आले होते. आणि गुरुवारी दारात पोर्फिरी लुकिच! लाकूड वखारीतला कारकून, हिवाळ्यात इथे बदलून आला. खांद्यावर अर्धं पोतं पांढरंशुभ्र पीठ. "वेदीसाठी आणलंय, साव्विश्ना. कुठून आणलं ते विचारू नका."

असा भाविक माणूस गावात दुसरा नाही. प्रार्थनेत खर्जात गातो तेव्हा खिडकीची काच थरथरते. प्रवचनाच्या वेळी तर डोळे मिटून ऐकतो, एक शब्द निसटू देत नाही. बात्युश्का मात्र त्याच्याशी का कोण जाणे जेवढ्यास तेवढं बोलतात. मोठ्या माणसांनाही मत्सर वाटू शकतो, विशेषतः आवाजाचा.

२३ मे

पोर्फिरी लुकिचने उस्तिन्याची वही मागून नेली होती, ती आज परत आणली. त्याला एक नक्कल करून घ्यायची होती. नदीपलीकडच्या गावांतली चर्च बंद झाली, तिथल्या म्हाताऱ्यांना वाचून दाखवणार म्हणे. माझी छाती फुगली हे इथे कबूल करते. त्याने केलेली नक्कल दाखवली. काय अक्षर! प्रत्येक ओळ दोरीवर वाळत घातलेल्या धुण्यासारखी सरळ, आणि मोठ्या अक्षरांना खाली डाव्या बाजूला वळलेली शेपटी. मला म्हणाला, "तुमच्यासारखं टिपणारं माणूस बात्युश्कांना लाभलं, नशीबवान आहेत."

घरी वही उघडून बघितली तर जानेवारीच्या प्रवचनात एका वाक्याखाली पेन्सिलीची बारीक रेघ होती. आणि ती कुठल्या? माझ्याच! एवढ्या पंचवीस प्रवचनांतून त्याला नेमकं तेच आवडलं. माणसाला चव आहे.

११ जुलै

आज अंगाचा तिळपापड झाला आहे. रानातून बेरी घेऊन येताना पायवाटेवर रिम्माने गाठलं. मागे-पुढे बघून हळूच म्हणते, "तुमच्याकडे एक वही आहे ना? जाळून टाका."

"तुला कुणी सांगितलं वहीचं?"

"कुणी का सांगेना. आजच जाळा. आणि ज्याला वाचायला देता त्याला देऊ नका."

"धमकी देतेस मला? हो-नाही लिहून घेऊन पोट भरलं नाही वाटतं?"

तिचा चेहरा पांढरा पडला. "साव्विश्ना, तुम्ही मला काहीही म्हणा, पण जाळा," म्हणाली आणि भरभर निघून गेली. चहाडखोर कुठली! वही हाती लागत नाही म्हणून माझ्याच हाताने जाळायला लावते. रागात पीठ मळलं, सगळ्या रोट्यांना तडे गेले. तड्याची रोटी वेदीवर चालत नाही. सगळ्या कोंबड्यांना घातल्या, दुसऱ्यांदा मळलं, आणि या वेळी नियमाप्रमाणे तोंडाने प्रार्थना म्हणत राहिले. तरी मध्येच रिम्माचं नाव येत होतं.

१२ ऑगस्ट

बात्युश्कांना पुन्हा जिल्ह्याला नेलं होतं, दोन दिवस ठेवून घेतलं. आज चालत परत आले, सहा कोस. मी मात्युश्कांना भाजी चिरू लागत होते तेवढ्यात दारात उभे. गालावर काळंनिळं झालं होतं. दाराला आपटलो म्हणाले. मात्युश्कांनी कशाचं दार म्हणून विचारलं नाही.

पाय गरम पाण्यात सोडून बसले आणि हसत सांगू लागले. "त्यांनी मला माझीच प्रवचनं वाचून दाखवली. टाइप केलेली! ऐकताना वाटलं, अरे, इतका बरा बोलतो मी? एक वाक्य तर असं दणदणीत होतं की मला आठवेचना कधी म्हणालो ते. मोजणाऱ्यांची मोजणी होणार म्हणून. त्यांना तेच सगळ्यात आवडलेलं दिसलं, पुन्हा पुन्हा वाचत होते. म्हातारा झालो, स्वतःचं बोललेलं ध्यानात राहत नाही."

माझ्या हातातली सुरी बोटाला लागली. वहीतलं रिम्मानेच पोचवलं असणार, दुसरं कोण? पण वाक्य तर माझं. रक्त चोखत बसले.

१४ ऑगस्ट

आजपासून उपास. पापकबुलीला गेले. रांगेत मी शेवटची उभी राहिले.

त्यांनी रीतीप्रमाणे गळ्यातल्या वस्त्राची लांब पट्टी माझ्या डोक्यावर टाकली. खाली अंधारात मी सांगून टाकलं, "बात्युश्का, ते वाक्य तुमचं नव्हे. माझं आहे. प्रवचन अळणी वाटलं म्हणून मी चिमूटभर मीठ टाकलं."

मला वाटलं, आता रागावतील. त्यांनी विचारलं, "आणखी कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"उस्तिन्याला?"

"तिला वाटतं तुमचंच."

"पोर्फिरीला?"

"त्यांनाही तुमचंच वाटतं. त्याखाली रेघसुद्धा मारलीय त्यांनी."

ते हळूच हुंकारले. "वाक्य चांगलं आहे. फक्त एक चूक आहे. त्यांच्या बाजूनेही कुणीतरी उभं राहील, साव्विश्ना. नाहीतर आपलं कसं होईल?" मग म्हणाले, "आता प्रायश्चित्त ऐक. वही आज जाळायची. आणि ते वाक्य तुझं आहे हे कुठल्याही जिवंत माणसाला सांगायचं नाही. कुणीही विचारलं तरी. शपथेवर विचारलं तरी. हा माझा हुकूम आहे."

त्यांच्या तोंडून हुकूम हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. क्षमेची प्रार्थना म्हटली, माझं डोकं थोपटलं.

वही जाळली. उस्तिन्या ओक्साबोक्शी रडली. ही वही त्यांनी सांगितलेली नाही, आणि ही माणूसही नाही, म्हणून हिला सांगते: मला लागलं. माझा गर्व उतरवायचा म्हणून त्यांनी असं केलं हे समजतं. पण वाक्य चांगलं आहे म्हणायचं आणि माझं नाव पुसायचं, हे कुठलं? त्यात चूकही काढली.

१९ ऑगस्ट, प्रभूच्या रूपांतराचा सण

सफरचंदांच्या टोपल्यांनी चर्च भरून गेलं होतं. बात्युश्कांनी पाणी शिंपडलं, सगळ्यांची फळं आशीर्वादली, आणि मग लोकांकडे तोंड करून उभे राहिले. पोर्फिरी लुकिच नेहमीच्या जागी, डोळे मिटून.

आज नाकात बोलले नाहीत. आवाज कुठून आणला देव जाणे, उस्तिन्यालासुद्धा काहीतरी ऐकू आल्यासारखं वाटलं. म्हणाले, "जानेवारीत मी तुम्हाला एक गोष्ट सांगितली होती. कुणी विसरलं असेल तर आज पुन्हा सांगतो, नीट ऐका. मोजायला येणाऱ्यांचीही एक दिवस मोजणी होणार आहे, आणि त्या दिवशी त्यांच्या बाजूने कुणी उभं राहणार नाही. हे मी म्हटलं होतं. मी, धर्मगुरू एव्लाम्पी. आजही म्हणतो." आणि लगेच, "सफरचंदं घरी न्या, पोरांना द्या."

चूक त्यांनीच काढली होती, तरी वाक्य जसंच्या तसं म्हटलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही!

मात्युश्कांनी खांबाला हात टेकला. आणि माझं काय झालं ते खरंखरं लिहिते. आधी अंगावर काटा आला, एवढ्या लोकांत माझे शब्द घुमले. आणि मग राग आला. जानेवारीत मी सांगितलं होतं म्हणे! मला तोंडाला कुलूप घालायला लावून माझं वाक्य स्वतःच्या नावावर केलं. देवाचा माणूस आणि एका वाक्याचा मोह सुटेना.

उद्या त्यांना हे तोंडावर सांगणार आहे.

२१ ऑगस्ट

सांगितलं नाही. ते त्यांच्या अंगणात मधपेट्यांपाशी होते, मात्युश्का शेजारी स्टुलावर बसून त्यांच्या झग्याला बटणं लावत होत्या. तशीच परत आले.

२८ ऑगस्ट, देवमातेचा सण

नेलं.

प्रार्थना संपून लोक बाहेर पडत होते. भर उन्हात काळी मोटार फाटकाशी येऊन थांबली, तिघं उतरले. त्यांनी बात्युश्कांना प्रार्थनेची वस्त्रं उतरवू दिली तेवढं खरं. मात्युश्का घरी जाऊन गाठोडं घेऊन आल्या. इतक्या लवकर आल्या की मला कळलं, ते बांधूनच ठेवलेलं होतं. लोकरी मोजे, सुकवलेला पाव, साबण. बात्युश्कांनी त्यांच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि कानात काहीतरी सांगितलं. त्यांनी मान हलवली.

मग ते लोकांना आशीर्वाद देत देत फाटकाकडे आले. माझ्यापाशी क्षणभर थांबले. म्हणाले, "साव्विश्ना, आजच्या रोट्या छान फुगल्या होत्या. मीठ अगदी बरोबर."

मला एवढंच सुचलं, "सावकाश जा, बात्युश्का." मोटारीत बसणाऱ्या माणसाला सावकाश जा! उस्तिन्या मोटारीमागे धावली, पडली, गुडघे फुटले.

पोर्फिरी लुकिच आज दिसला नाही. त्याला बरं नसेल.

१५ सप्टेंबर

मला जिल्ह्याला बोलावलं होतं. सकाळी निघाले, दुपारी खोलीत. खोलीत टेबल, टेबलामागे एक तरुण अधिकारी. सर्दीने बेजार, गरम चहात साखरेचा खडा बुडवून चघळत होता. बोलणं गोड. मला बसायला खुर्ची दिली.

"मावशी, घाबरू नका. तुम्ही साक्षीदार आहात. ही प्रवचनं तुम्ही लिहून ठेवत होतात?"

"नणंदेसाठी. ती बहिरी आहे."

"वही कुठे आहे?"

"चुलीत गेली. सरपण ओलं होतं."

तो हसला. खणातून कागदांची चवड काढून माझ्यापुढे सरकवली. "काही हरकत नाही. आमच्याकडे नक्कल आहे."

मी बघितलं. दोरीवर वाळत घातलेल्या धुण्यासारख्या सरळ ओळी. मोठ्या अक्षरांना खाली डाव्या बाजूला वळलेली शेपटी.

ते अर्धं पोतं पीठ माझ्या डोळ्यांसमोर आलं. त्याच पिठाच्या रोट्या मी ईस्टरला वेदीवर पाठवल्या होत्या. आणि पायवाटेवरचा रिम्माचा पांढरा चेहरा आठवला. मी रुमालाचं टोक तोंडाशी धरलं.

"हे वाक्य," तो बोट ठेवून म्हणाला, "हे सगळ्यात वाईट आहे. सरकारी माणसांना उघड धमकी. आरोपीने लिहून दिलंय की सगळं त्याचंच, शब्दन् शब्द. पण मावशी, माझं मन सांगतं की म्हातारा असं बोलणाऱ्यातला नाही. बाकीची प्रवचनं बघा, पेत्र, शेकोटी, दार लावून घ्या. हे मध्येच कुठून आलं? कुणी दुसऱ्याने घुसडलं असेल तर सांगा. त्याच्यावरचा भार हलका होईल."

वाक्य माझं आहे, एवढेच शब्द. जिभेच्या टोकाशी आले होते. खरंच हलका झाला असता का त्यांचा भार? की एकाच्या जागी दोघं गेलो असतो? तेव्हा मला काही कळत नव्हतं. डोक्यावरची पट्टी आठवली, कुणीही विचारलं तरी, शपथेवर विचारलं तरी. आणि त्याच वेळी मला फक्त तिथून उठून घरी जायचं होतं हेही तितकंच खरं.

"त्यांनीच म्हटलं," मी म्हणाले. "रूपांतराच्या सणाला. मी कानांनी ऐकलं. सगळ्या गावाने ऐकलं. सफरचंदांच्या टोपल्या होत्या."

त्याने सुस्कारा टाकला आणि लिहून घेतलं. मी सही केली. तोंडातून खोटं निघालं नाही. त्या वाक्याबद्दल एक शब्दही खोटा नाही! त्यांनी आधीच तशी सोय करून ठेवली होती. हे मला रस्त्यात परत येताना, तिसऱ्या कोसावर कळलं. रस्त्याच्या कडेला बसले आणि गुरासारखी ओरडले. मी त्यांना वाक्यचोर म्हणत होते.

१७ ऑक्टोबर

चर्चला कुलूप. आत धान्य भरलं. प्रतिमा आवारात टाकल्या होत्या, बायकांनी सरपणाची फळकुटं नेतोय असं दाखवून उचलून नेल्या. रोटीवरचा लाकडी ठसा मी पिठाच्या डब्यात लपवला.

पोर्फिरी लुकिचची बदली झाली. जाताना वखारीच्या फाटकाशी भेटला, टोपी काढून नमस्कार केला. मी त्याच्या तोंडावर थुंकणार होते. मग आठवलं, त्यांच्या बाजूनेही कुणीतरी उभं राहील. थुंकी गिळली. उभी मात्र राहिले नाही, तेवढी मी चांगली नाही.

रिम्माच्या दारात बेरीचा मुरंबा ठेवून आले. दुसऱ्या दिवशी रिकामी बरणी धुऊन परत आली.

२० फेब्रुवारी १९३८

मात्युश्का दर महिन्याला जिल्ह्याच्या तुरुंगावर जातात, गाठोडं देतात. डिसेंबरपासून खिडकीतून गाठोडं परत येत होतं. काल मात्र खिडकीतल्या माणसाने वही चाळून उत्तर दिलं: दहा वर्षं, लांबच्या छावणीत, पत्रव्यवहाराला परवानगी नाही.

माझा जीव भांड्यात पडला! दहा वर्षं म्हणजे दहा वर्षं. काहीतरी हिशेब तर लागला. मागच्या वेळी तीन वर्षं काढून आलेच ना? मी मात्युश्कांना म्हणाले, "सत्तेचाळीस साली ऑगस्टात परत येतील. तुम्ही अजून धडधाकट असाल." त्यांचे डोळे कोरडे ठाक होते. "हो, साव्विश्ना," म्हणाल्या.

बात्युश्का नसले तरी दर रविवारी मी एकच लहान रोटी करते. देवापुढे ठेवते आणि नावांच्या दोन चिठ्ठ्या वाचते, एक जिवंतांची, एक गेलेल्यांची. पूर्वी प्रत्येक नावाला बात्युश्का रोटीचा एक कण काढत. कण काढायचा हक्क मला नाही, नाव वाचायला कुणाची बंदी नाही. आज मात्युश्का होत्या, म्हणून म्हटलं या वेळच्या चिठ्ठ्या तुमच्या हाताने लिहा. त्यांनी लिहिल्या, घडी घातली, आणि घरी गेल्या.

वाचायला उघडल्या तर काय! जिवंतांच्या चिठ्ठीत उस्तिन्या, रिम्मा, मी. आणि गेलेल्यांच्या चिठ्ठीत सगळ्यात वर, धर्मगुरू एव्लाम्पी.

मी तशीच, डोक्याला रुमालही न बांधता, त्यांच्या घरी गेले. "मात्युश्का, हे काय लिहिलंत? चिठ्ठी चुकली तुमची!"

त्या चुलीशी बसल्या होत्या, त्यांच्या मांडीवर बात्युश्कांचा झगा होता. म्हणाल्या, "नाही चुकली. पत्रं बंद म्हणजे काय, ते त्या खिडकीपुढच्या रांगेतल्या सगळ्या बायकांना ठाऊक आहे."

"तो माणूस तोंडाने सांगतोय दहा वर्षं, आणि तुम्ही..."

"साव्विश्ना, घरी जा. थंडी आहे."

बिचारी. दुःखाने डोकं फिरलं आहे तिचं, दुसरं काय! मी घरी आले, ती चिठ्ठी चुलीत टाकली आणि नवी लिहिली. जिवंत: धर्मगुरू एव्लाम्पी. मोठ्या अक्षरात, उस्तिन्यासाठी लिहायचे तसं.

ते जिवंतच असले पाहिजेत. मला त्यांना एक विचारायचं आहे, आणि ते दुसऱ्या कुणाला विचारता येत नाही, कारण त्यांचाच हुकूम आहे. त्या दिवशी टेबलापुढे मी त्यांचा हुकूम पाळला की नुसती घाबरले? रोज पीठ मळताना मी हेच विचारते आणि रोज उत्तर वेगळं येतं. हे सांगू शकेल असा एकच माणूस आहे. ते येतील, बुटांवरचा बर्फ झटकतील, मी पट्टीखाली डोकं घालीन आणि विचारीन. तेव्हा मी एकसष्ट वर्षांची असेन.

आजची रोटी फुटली नाही. मीठ चाखून बघितलं, बरोबर होतं.